पोनिदीची खानदानी आई

आमच्या गल्लीत थापा मारून पोट भरणारे पुष्कळ आहेत. घर जावा बेटावरच्या जोग्जात, तेही जलमहालाच्या भिंतीला टेकलेलं, दारावरून रोज पाहुणी माणसं कॅमेरे लटकवून चाललेली, मग थापा मारल्या नाहीत तर खायचं काय? पण स्वतःच्याच थापेवर मनापासून विश्वास बसलेला माणूस आमच्यात एकच, पोनिदी. लोक त्याला पा पोनिदी म्हणतात, कारण इथे केस पिकलेल्या पुरुषाला आदराने पा आणि बाईला बू म्हणतात. मी नुसतं पोनिदी म्हणते. पंधरा वर्षांचा असताना विजारीला सुतळी बांधून तो या गल्लीत शिरला, तेव्हा मी याच दारात बसले होते, आणि आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही इथेच बसले आहे.

जलमहाल म्हणजे तामन सारी. पूर्वीच्या सुलतानांनी राणीवशाला डुंबायला कुंडं बांधली, भोवती मोठं तळं केलं, तळ्यात नावा सोडल्या. कुंडं अजून आहेत, तिकीट काढून बघता येतात. तळं कधीच गेलं. त्या तळ्याच्या तळाशी आता आमची घरं, आमच्या कोंबड्या आणि आमच्या मोऱ्या. राजाची नाव जिथे चालायची तिथे पावसाळ्यात माझी मोरी तुंबते, पण ते बघायला कुणी तिकीट काढत नाही.

पोनिदी या महालात गाईडचं काम करतो. रोज सकाळी डोक्याला बाटिकचा फेटा, अंगात रेघांचं जाकीट, आणि तोंडावर असा भाव की सुलतान आत्ताच याला विचारून आंघोळीला गेले आहेत. पाहुण्यांना तो कुंडाशेजारच्या मनोऱ्यावर नेतो, खिडकीशी उभं करतो, खाली पाण्याकडे बोट दाखवतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "याच खिडकीतून महाराजांनी माझ्या खापरपणजीला पाहिलं." ही खापरपणजी मी पस्तीस वर्षांत वाढताना पाहिली आहे. पहिल्या वर्षी ती पाण्यात फुलं टाकणारी दासी होती. पाच-सात वर्षांनी नर्तकी झाली. अलीकडे तर ती राणी होता होता राहिली, आणि तेही म्हणे एका सवतीने दुधात काहीतरी घातलं म्हणून.

पाहुण्यांचंही मला नवल वाटतं. ही माणसं अर्धं जग ओलांडून येतात, भाड्याची चोळी आणि लुंगी गुंडाळून कुंडाच्या काठावर फोटो काढतात, आल्याचं पाणी पिऊन "अहाहा" करतात, गामेलान या आमच्या वाद्यमेळातल्या एका घंटेवर एक टोला हाणतात आणि जावा समजली म्हणून परत जातात. एक बाई तर खापरपणजीचं ऐकून रडली. तिने त्याला वर पन्नास हजार रुपिया दिले, म्हणजे दोन-तीन वेळच्या जेवणाचे. त्या दिवसापासून दुधाचा प्रसंग कायमचा झाला.

खरं काय ते सगळी गल्ली जाणते. पोनिदी गुनुंग किदुलच्या डोंगरातला, जिथे दगडातून कसाव्याच्या कंदाशिवाय काही उगवत नाही. त्याची आई काशियेम तिकडे अजून तोच कसावा लावते, वाळवते आणि त्याचाच भात करून खाते. हा इथे आला तो पक्ष्यांच्या बाजारात पिंजरे धुवायला. रात्री त्याच बाजारात फळ्यांखाली झोपायचा. पण हे त्याच्या तोंडावर आजवर कुणी म्हटलं नाही. आमच्याकडे कुणाला तोंडावर खोटं पाडत नाहीत. समोरचा काहीही बोलला तरी "हो का", "असेल असेल" म्हणायचं, आणि घरी येऊन पोट धरून हसायचं. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान आहे.

एरवी त्याच्या थापांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते त्याच्या मुलीचं, वेनिंगचं लग्न ठरलं तेव्हा. वेनिंग सरळ पोरगी, दवाखान्यात नर्स. बापाच्या नाकाचा शेंडा तिच्याकडे आलेला नाही. तिला प्रसोजो नावाच्या मुलाने मागणी घातली, आणि प्रसोजोचे वडील पा रेक्सोदिपो हे आजच्या सुलतानांच्या पदरचे खरेखुरे सेवक. म्हणजे अनवाणी जायचं, मांडी घालून दिवसभर बसून राहायचं, राजवाड्याने दिलेलं नाव लावायचं, आणि महिन्याला मिळतं त्यात बसचं भाडंही सुटत नाही. तरी चाळीस वर्षं चुकवलेलं नाही. असा व्याही मिळाल्यावर पोनिदीचे पाय जमिनीवर राहतील कसे?

पहिल्या भेटीला त्याने व्याह्यांना काय दाखवलं असेल? जलमहाल. ज्या माणसाने त्या महालाच्या पायऱ्या झाडल्या, त्याला पोनिदी हाताला धरून पायऱ्या दाखवत होता. मीही गेले होते मागून, व्याह्यांच्या नजरेत न येता, ही मजा कोण सोडणार.

"जपून हं पा, इथे एक दगड हलतो," पोनिदी म्हणाला.

"हो का," पा रेक्सोदिपो म्हणाले.

"आणि ही ती खिडकी. आमच्या खापरपणजीची."

पा रेक्सोदिपोंनी खिडकी बघितली. मग खाली कुंड बघितलं. मग जरा वेळ आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"असेल असेल," ते म्हणाले.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोनिदीची छाती वीतभर फुगली. आणि त्या फुगलेल्या छातीने त्याने तिथेच सांगून टाकलं की आपल्या मातोश्री अजून आहेत, राजघराण्यातल्या आहेत, वयामुळे कुठे येत-जात नाहीत, पण लग्नाला येऊन नातीला आशीर्वाद देतील.

आता आमच्या लग्नात सुंकेम असतो. वधूवर गुडघ्यांवर येऊन आधी आईबापांच्या, मग आजीआजोबांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवतात, माफी मागतात, आशीर्वाद घेतात. सगळं लग्न त्यासाठी थांबतं, बायका पदर डोळ्यांना लावतात, फोटोवाला वाकडातिकडा होऊन फोटो काढतो. मांडवात आजीची खुर्ची असतेच, आणि त्या खुर्चीवर कोण बसलंय ते व्याह्यांकडचं लहान पोरसुद्धा विचारतं. पोनिदीने स्वतःच्या तोंडाने त्या खुर्चीवर राजघराण्यातली बाई बसवली होती, आणि त्याची खरी आई डोंगरात कसावा सोलत होती.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. हातात बाक्प्याचा पुडा, म्हणजे मुगाचं सारण भरलेल्या मिठाईचा, गरमागरम. आमच्याकडे कुणी गरम बाक्प्या घेऊन आलं की समजावं, काहीतरी मोठं मागायचंय. अर्धा तास तो पावसावर बोलला, माझ्या खोकल्यावर बोलला, शेजारच्या बुलबुलावर बोलला. मग म्हणाला,

"बू वागिरा, तुमची पाठ या वयातही किती ताठ आहे."

"वाकवायला कुणी आलं नाही अजून. बोल."

"सुंकेमला आजीची खुर्ची रिकामी दिसणं बरं नाही."

"रिकामी का? काशियेम गेली?"

"नाही नाही. प्रवास झेपत नाही तिला."

"दोन तासांची तर बस आहे."

"डोंगरातली बस आहे, बू." मग त्याने पुडा माझ्याकडे सरकवला. "तिचे दात विड्याने काळे झालेत. चमच्याने जेवत नाही. कुठेही गेली की जमिनीवर बसते. पा रेक्सोदिपो काय म्हणतील?"

"पा रेक्सोदिपो स्वतः दिवसभर जमिनीवर बसतात."

"ते बसणं वेगळं," तो म्हणाला.

माझ्याकडेच का आला, तेही सांगते. मी बारा वर्षांची असताना आईने मला एका राजपुत्राच्या वाड्यावर ठेवलं. गरिबाने पोर मोठ्या घरी ठेवायचं, पोराने राबायचं आणि त्या घराने त्याला वळण लावायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. सव्वीस वर्षं मी तिथे घराण्याचं बाटिक रिठ्याच्या पाण्यात धुतलं. हात सोलवटले, पण मोठ्या बायका कशा बसतात, मान किती कलती ठेवतात, न हसता कशा हसतात, ते सगळं अंगात भिनलं. केस पांढरेशुभ्र, रंग उजळ, बोलणं दरबारी. पोनिदीला यापेक्षा खानदानी आई बाजारात मिळाली नसती.

मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. दिलं नाही. कारण मला मूल नाही. नवरा जाऊन एकतीस वर्षं झाली. ईदला गल्लीतली पोरं रांगेने येतात, हातात हात देतात आणि पुढच्या घरी खाऊला पळतात, पण गुडघ्यावर कपाळ टेकवून, थांबून, रडून आशीर्वाद मागणारं माझं कुणी नाही. लोकांना मी सांगितलं, गंमत म्हणून बसणार आहे, त्या पोनिदीचं नाक किती वर जातं ते जवळून बघायला. ते खोटं होतं. मला ती खुर्ची हवी होती.

दोन दिवसांनी वेनिंग आली. दारातच उभी राहिली.

"म्बा, तुम्ही बसणार आहात म्हणे आजीच्या जागेवर."

"तुझा बाप म्हणतोय तसं."

"हो का," ती म्हणाली. आणि निघून गेली.

ही पोर तर इथलीच, तिच्या तोंडून "हो का" ऐकल्यावर मला समजायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष पोनिदीने भाड्याने आणलेल्या लुगड्यात. त्यावर तलवारीच्या पात्यांसारखी तिरकी नक्षी होती, जी एकेकाळी राजघराण्याबाहेर कुणी नेसायची नाही. मी जन्मभर ती धुतली, नेसले कधीच नव्हते.

लग्नाच्या आदल्या दिवशी वधूला सात विहिरींच्या पाण्याने न्हाऊ घालतात. पोनिदीला त्यात राजाच्या कुंडाचं पाणी हवं होतं. पहारेकऱ्याने बादली आत नेऊ दिली नाही, तेव्हा त्याने माझ्याच नळाखाली ती भरली आणि मांडवात नेऊन "हे महाराजांच्या कुंडातलं" म्हणून सगळ्यांना दाखवली. व्याह्यांकडच्या बायकांनी त्यात बोटं बुडवून कपाळाला लावली. बादलीच्या तळाशी माझ्या मोरीतला रिठा होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी नटून बसले. केसांत मोगरा, अंगात मखमलीची चोळी, मान कलती. सगळ्यांनी मला एयांग म्हणायचं असं पोनिदीने गल्लीला बजावलं होतं, कारण म्बा ही साध्या लोकांची आजी आणि एयांग ही खानदानी. ज्या बायका रोज नळावर माझ्याशी भांडतात त्या "एयांग, पाणी देऊ?" म्हणून विचारत होत्या आणि वळून खिदळत होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकाकडची एक बाई माझ्या कानाशी आली. "काशियेम आली," ती म्हणाली. "पहाटेच्या बसने. वेनिंगनेच बोलावलंय."

मी मान कलतीच ठेवून मागच्या दाराकडे बघितलं. कामाला जमलेल्या गल्लीतल्या बायकांमध्ये जमिनीवर एक चिमुकली म्हातारी बसली होती, पाय पसरून, छोटे कांदे सोलत. बाजूला तिची पिशवी, तीत वाळका कसावा आणि तळलेल्या टोळांची बाटली, त्यांच्या डोंगरात आवडीने खातात ते. काळे दात दाखवून हसत होती. कुणीतरी तिला चहा दिला होता, तो तिने बाजूला ठेवला होता, आधी कांदे उरकायचे म्हणून.

पोनिदीला ती दिसली तेव्हा पा रेक्सोदिपो त्याच्या शेजारीच उभे होते. माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर.

"या कोण?" पा रेक्सोदिपोंनी विचारलं, साधंच.

"गावाकडच्या आहेत," पोनिदी म्हणाला. "कामाला आल्यात."

म्हातारीने वर बघितलं. मुलाकडे बघितलं, मग त्या फेटेवाल्या पाहुण्याकडे.

"हो," ती म्हणाली. "कामाला आलेय. कांद्यांचं." आणि पुन्हा मान खाली घातली.

पस्तीस वर्षं मी त्या माणसाच्या नावाने नाकाने कांदे सोलले, पण त्या क्षणी मला त्याची जी किळस आली तशी कधी आली नव्हती. उठावं, त्याच्या फेट्याला हात घालावा, असं मनात आलं. पण निवेदकाने माइक हातात घेतला, गामेलान सुरू झालं आणि मी पदर सारखा केला.

वधूवर आले. आईबापांपुढे वाकले. पोनिदी रडला, मनापासून रडला, त्याला रडायला कधी कमी पडलं नाही. मग वेनिंग माझ्याकडे सरकली. तिने हात जोडले, डोकं खाली आणलं, आणि माझ्या गुडघ्याच्या बोटभर वर थांबवलं. टेकवलं नाही. कुणाला दिसलं नसेल, मला कळलं. तेवढं करून ती उठली, जड लुगडं सावरत मागच्या दाराकडे गेली आणि म्हातारीचा कांद्याने ओला हात धरून तिला मांडवात घेऊन आली.

गामेलान थांबलं. पोनिदीचा हात उगाच फेट्याकडे गेला.

"ही माझी म्बा," वेनिंग म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबांची आई. म्बा, बसा, मला वाकायचंय."

मी व्याह्यांकडे बघितलं. पा रेक्सोदिपोंच्या तोंडावर आश्चर्य नव्हतंच. त्यांच्या बायकोच्याही नाही. ते दोघं जागा करून द्यायला सावकाश सरकत होते, जणू कधीपासून या म्हातारीचीच वाट बघत होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. कुणीच लग्न मोडणार नव्हतं. पोनिदीने आईला कांद्यांची कामवाली ठरवलं ते फुकटच.

पण काशियेम बसली नाही. तिने मला बघितलं, माझी चोळी, माझं लुगडं, माझे पांढरे केस, आणि तिचा चेहरा उजळला.

"थांब नदुक, पोरी," ती नातीला म्हणाली. "आधी त्यांना. मी नुसता जन्म दिला."

आणि ती खाली बसली, दोन्ही हातांनी रेटत रेटत माझ्या खुर्चीपर्यंत आली आणि तिने कपाळ माझ्या गुडघ्यावर ठेवलं. पूर्ण ठेवलं. तिच्या हातांना कांद्याचा वास येत होता.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "पोनिदी इथे आला त्याच वर्षी त्याने मला कळवलं होतं, गावचा एक माणूस बाजाराला आला होता त्याच्या हाती. की, आई, एका मोठ्या घरच्या बाईंनी मला ठेवून घेतलंय, पोटच्या पोरासारखं बघतात, काळजी करू नकोस. त्या रात्रीपासून मी झोपायला लागले. यायचं म्हणत होते तुमच्या पाया पडायला. रिकाम्या हाताने कशी येऊ, म्हणून राहिलं."

पोनिदी खाली बघत होता. तेव्हा मला कळलं की त्याची पहिली थाप कुंडावर मारलेली नव्हती, आणि पाहुण्यांसाठीही नव्हती.

"एकच विचारते," काशियेम म्हणाली. तिने डोकं वर केलं नव्हतं. "त्याला ताप आला की तो कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. हट्टी होता. तुम्हाला तरी येऊ दिलं का?"

पहिल्याच पावसाळ्यात तो तापाने पडला होता. पक्ष्यांच्या बाजारात, फळ्यांखाली, माझ्या दारापासून दोनशे पावलांवर, तीन दिवस. येता-जाता आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. डोंगरातलं कुणाचं तरी पोर आहे, म्हणालो होतो. मी त्याला साधा घोटभर चहा नेऊन दिला नव्हता.

फोटोवाला म्हणाला, एयांग, हात त्यांच्या डोक्यावर ठेवा. मी ठेवला.

"हो," मी म्हणाले. "येऊ दिलं." आणि खुर्चीवरून उठले नाही.